डावीकडचा तानपुरा

बस उणकलच्या थांब्यावर थांबली, तेव्हा खिडकीजवळ बसलेली मुलगी हातातले गाणी ऐकायचे एक लहानसे यंत्र तळहातावर हलकेच आपटत होती. मग तिने ते कानाजवळ नेले, हलवून पाहिले, आणि पुन्हा आपटले. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. गुरुराज नाडगीर तिथे बसला, आणि स्वभावानुसार काही वेळ गप्प राहिला. तो धारवाडच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत शिकवीत असे. माणसांच्या भांडणात तो सहसा पडत नसे. पण उपकरणाला मारहाण होताना त्याला पाहवत नसे.

"आपटून गाणी वाजत नाहीत," तो शेवटी कन्नडमध्ये म्हणाला.

मुलीने मान वळवली नाही. खिडकीकडे पाहतच ती मराठीत पुटपुटली, "याला काय करायचंय..."

"करायचं काहीच नाही," गुरुराज मराठीत म्हणाला. "फक्त बघवत नाही."

आता मात्र तिने वळून पाहिले. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला तो चेहरा आणि ओठांच्या कडेला दाबून ठेवलेले हसू... गुरुराजने नजर घाईने समोरच्या दांडीकडे वळवली.

"मराठी येतं हे आधी सांगायचं की," ती म्हणाली.

"आधी सांगितलं असतं, तर खरं मत कळलं नसतं."

तिचे नाव स्मृती मिरजकर. हुबळीच्या बाजारात तिच्या वडिलांचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान होते. ती धारवाडच्या एका शाळेत संगीत शिकवी आणि शाळा सुटल्यावर कुसुमावतीअक्कांकडे स्वतः गाणे शिके. हे सगळे त्याला विद्यापीठाचा थांबा येण्यापूर्वीच कळले; कारण फोन असताना हा जुना प्लेअर कशासाठी, असे त्याने विचारले होते.

"आमच्या अक्का म्हणतात, ज्या डब्यातून साऱ्या जगाच्या भानगडी येतात, त्यातून यमन ऐकायचा नाही," स्मृती म्हणाली. "धडा झाला की त्या तो रेकॉर्ड करून देतात. एक माइक तानपुऱ्यापुढे, एक स्वतःपुढे. डाव्या कानात नुसता तानपुरा, उजव्या कानात अक्का. आधी आठवडाभर दोन्ही ऐकायचं. मग उजवा इअरफोन काढायचा... म्हणजे अक्का गप्प, आणि तानपुऱ्यावर आपण गायचं."

"बसमध्ये?"

"मनातल्या मनात. लोक आधीच वेडी समजतात." ती थांबली. "पण आता नवे धडे यात उतरतच नाहीत. आणि पुढच्या आठवड्यात अक्कांना म्हणून दाखवायचंय. तुम्हाला कल्पना नाही, त्या रागावत नाहीत... नुसत्या बघतात."

तिने हे हसत सांगितले. पण प्लेअरभोवती तिची बोटे घट्ट आवळली होती, हे गुरुराजच्या लक्षात आले.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उणकलच्या तळ्याकाठी, बागेतल्या एका बाकावर, तिचा लॅपटॉप उघडला गेला. सकाळपासून रिपरिपणारा पाऊस नुकताच थांबला होता, आणि झाडांवरून उरलेले थेंब थांबून थांबून पडत होते.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची," गुरुराज म्हणाला. "दोन बदलल्या, तर दोष कुठं होता ते कधीच कळत नाही."

"तुमच्या विद्यार्थ्यांना झोप येत असेल."

"येते. पण त्यांची उपकरणं चालतात."

त्याने प्रथम प्लेअर बंद करून पुन्हा सुरू केला. फरक पडला नाही. मग लॅपटॉपचे दुसरे छिद्र वापरून पाहिले. फरक पडला नाही. मग आपल्या पिशवीतून त्याने स्वतःची केबल काढून जोडली, आणि पडद्यावर प्लेअरचे नाव उमटले.

"तुमची केबल फक्त जेवण वाढते," तो म्हणाला. "बोलत नाही. चार्जिंग होत होतं, म्हणून तुम्हाला ती चांगली वाटली."

"असली माणसंही असतात," स्मृती म्हणाली, आणि नवे धडे प्लेअरमध्ये जाताना दाखवणारी ती हिरवी पट्टी डोळे मोठे करून पाहत राहिली. "म्हणजे आता दोन्हीकडं सारखं झालं? तराजूच्या पारड्यांसारखं?"

"नाही. सिंक म्हणजे तराजू नव्हे. इथं एक सांगतो आणि दुसरा ऐकतो. लॅपटॉप सांगणार."

"मग आमच्या घरासारखंच आहे."

"घरी कोण सांगतं?"

"आई. अण्णा ऐकतात. आणि दुकानात जाऊन भांड्यांना सांगतात."

दोघेही हसले. केबल परत करताना तिची बोटे क्षणभर त्याच्या बोटांना लागली. "राहू दे तुमच्याकडं," तो म्हणाला, आणि मग उगाच खुलासा केला, "माझ्याकडं आणखी आहेत."

त्यानंतर असे होऊ लागले की गुरुराज थांब्यावर उभा राही, आणि एक-दोन बस मोकळ्या असूनही जाऊ देई. उजव्या बाजूच्या खिडकीत ती दिसली, की तो चढे आणि तिच्या डावीकडे बसे. ती कधी त्याच्या पिशवीतल्या स्क्रू-ड्रायव्हरची चेष्टा करी, तर कधी अक्कांची नक्कल करून दाखवी. हुबळी-धारवाडमधले अंतर इतके कमी का आहे, असा प्रश्न आयुष्यात प्रथमच त्याला पडू लागला होता.

आणि मग एका सकाळी ती बोलेनाशी झाली.

म्हणजे अगदी अबोला नव्हे. तो काही म्हणे, आणि ती खिडकीबाहेरच पाहत राही. मग थोड्या वेळाने, आपण होऊन, भलतेच काही विचारी. एकदा तो फार धीर करून हळूच म्हणाला, "हा रंग तुम्हाला शोभतो." तिने मान हलवली नाही, भुवई हलवली नाही, काहीच हलवले नाही. गुरुराजला वाटले, आपण मर्यादा ओलांडली... ती रागावली... आता उद्यापासून ती वेगळ्या बसने जाईल. त्या दिवशी प्रयोगशाळेत त्याने दोनदा चुकीची आकृती काढली, आणि मुलांनी ती निमूटपणे उतरवून घेतली.

पण दुसऱ्या दिवशीही ती त्याच बसमध्ये होती. उलट तिनेच त्याच्या बाहीला हात लावला.

"प्लेअर पुन्हा बिघडलाय. धडे उतरतात, पण अर्धेच. अक्कांचा आवाज येतो, तानपुरा येतच नाही."

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. पण नीट झोप न झालेली दिसत होती.

*

बाक तोच होता. आभाळ मात्र आज भरून आले होते, आणि तळ्याचे पाणी शिशासारखे दिसत होते.

गुरुराजने प्रथम मूळ फाईल लॅपटॉपच्या स्पीकरवर लावली. तानपुरा स्पष्ट वाजला. त्यावर अक्कांचा संथ, भरीव आवाज होता.

"म्हणजे मूळ नीट आहे. सिंक करताना काही गळत असेल." त्याने तो धडा प्लेअरमधून काढून पुन्हा भरला, मग तिचे इअरफोन स्वतःच्या कानांत घातले. डावीकडे तानपुरा वाजत होता. "येतोय की."

"चेष्टा करू नका."

"नाही, खरंच येतोय."

तिने इअरफोन ओढून घेतले आणि आपल्या कानांत घातले. तिचा चेहरा तसाच राहिला. "नाही येत."

"इअरफोन सैल बसत असतील." त्याने आपले इअरफोन दिले. तिने ते घातले. थोडा वेळ ऐकले. मान हलवली... नाही.

आता उरली होती एकच गोष्ट. पद्धतीप्रमाणे पुढची पायरी कोणती, हे त्याला ठाऊक होते. डावे-उजवे उलट करून पाहायचे. दोष इअरफोनबरोबर सरकला, तर तो इअरफोनमध्ये किंवा प्लेअरमध्ये आहे. जागेवरच राहिला, तर... त्याचा हात थबकला. बसमधली तिची न वळणारी मान त्याला आठवली. न हललेली भुवई आठवली. तो दर वेळी तिच्या डावीकडे बसत असे.

"काय झालं?" स्मृती म्हणाली. "पुढं काय बदलायचं?"

स्मृतीने त्याच्याकडे पाहिले, आणि त्याच्या तोंडावरचे भय तिला दिसले. मग तिनेच दोन्ही इअरफोन काढले आणि अदलाबदल करून घातले.

तानपुरा आला. स्वच्छ, झंकारत, उजव्या कानात आला. आणि अक्का गप्प झाल्या.

तिने प्लेअरचा आवाज वाढवला. आणखी वाढवला. डाव्या कानाच्या इअरफोनमधून अक्कांचा आवाज शेजारी बसलेल्या गुरुराजलाही ऐकू येऊ लागला. ज्या कानात तो वाजत होता, त्याला मात्र काही कळत नव्हते.

"सर्दी असेल," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "कान भरल्यासारखा वाटतोय काही दिवस. भणभण होते. मला वाटलं, बसच्या एसीमुळं."

"असेलही. पण आज दाखवूया."

"उद्या."

"आज," गुरुराज म्हणाला. "माझ्या मामांना असंच अचानक झालं होतं. मळ असेल म्हणून ते तेल घालत बसले. डॉक्टर म्हणाले, लवकर आला असता तर बरं झालं असतं." तो थांबला. हे सांगायला नको होते असे त्याला वाटले, आणि सांगितल्यावाचून गत्यंतरही नव्हते. "देशपांडे नगरमध्ये कानाच्या डॉक्टर आहेत. संध्याकाळी बसतात."

"मला भीती वाटते, गुरुराज." तिने पहिल्यांदाच त्याचे नाव घेतले होते. ते असे ऐकायला मिळेल, हे त्याला स्वप्नातही वाटले नव्हते.

*

तपासणीची खोली म्हणजे जाड दाराची एक बंद पेटीच होती. तिला एक लहान काच होती. आत स्मृती मोठाले हेडफोन लावून बसली होती. आवाज आला की तिने बोट वर करायचे होते.

डॉक्टर निवेदिताबाई बाहेर यंत्रापुढे बसल्या होत्या. गुरुराज दाराजवळच्या खुर्चीवर होता. आधी उजवा कान. स्मृतीचे बोट वर जाई, खाली येई. पुन्हा वर जाई. ते लांबसडक बोट इतके चटपटीत हलत होते, की त्याला जरा हायसे वाटले.

मग डॉक्टरांनी एक कळ फिरवली.

बोट हलले नाही. डॉक्टर आवाज वाढवीत गेल्या. यंत्रावरचा काटा पुढे सरकत होता. काचेपलीकडे स्मृती डोळे मिटून, सारा जीव गोळा करून ऐकत होती. तिचे बोट गुडघ्यावर वाट पाहत होते. गुरुराजला वाटले, आपणच आत जाऊन ते उचलून धरावे. कितीतरी वेळाने ते किंचित वर आले... आणि ती डोळे उघडून डॉक्टरांकडे पाहू लागली; जणू विचारत होती, हा खरा होता, की मला वाटला?

"कानाच्या नसेला सूज आहे," नंतर डॉक्टर म्हणाल्या. "का येते, ते पुष्कळदा कळत नाही. गोळ्या आजपासून, आणि कानात इंजेक्शनं. काहींचा कान पूर्ण परत येतो, काहींचा थोडा, काहींचा नाही. खोटा धीर मी देत नाही. पण तुम्ही वेळेत आलात."

बाहेर दुकानांचे दिवे लागले होते. पायऱ्यांवर स्मृती थांबली. तिच्या डावीकडून एक रिक्षा भोंगा वाजवीत गेली, आणि ती उजवीकडे पाहू लागली.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," गुरुराज म्हणाला. तो आता तिच्या उजवीकडे येऊन उभा होता.

"सांगू नका." ती घाईने म्हणाली. "मला ठाऊक आहे काय ते. बसमध्येही ठाऊक होतं. पण आता नको. आता सांगितलंत, तर ते माझ्यासाठी आहे की या कानासाठी, मला कळणार नाही. कान बरा होईपर्यंत काही विचारायचं नाही. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला. याहून अवघड होकार त्याने आयुष्यात दिला नव्हता.

घरी तिने त्याच संध्याकाळी सांगितले. वडिलांनी, गणपतरावांनी, तिला जवळ बसवले. मग म्हणाले, "मला संशय आला होता, बाळ. परवा दुकानात डावीकडं परात पडली, तर तू उजवीकडं वळून बघितलंस. भांड्याला टिचकी मारून तडा ओळखणारा माणूस मी... आणि तुला विचारायला घाबरलो."

*

औषधांचे ते दिवस फार सावकाश गेले. गोळ्यांनी तिची झोप उडाली आणि चेहरा सुजला. इंजेक्शनाच्या दिवशी जमीन पायाखालून फिरत असे. सकाळी उठल्याबरोबर ती डाव्या कानाजवळ बोटे चोळून पाही. कधी काही ऐकू आल्याचा भास होई. मग दिवसभर त्या भासाची भीती वाटे. तिने गाणे थांबवले होते. स्वर लावला आणि तो ढळला तर, आणि ढळलेला आपल्याला कळलाच नाही तर... या विचाराने ती तोंड उघडत नसे. कुसुमावतीअक्का रागावल्या नाहीत. आणि या खेपेस नुसत्या बघतही बसल्या नाहीत. त्यांनी तिचा हात धरून तानपुऱ्याच्या भोपळ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "इथून ऐक तोवर."

गुरुराज बसमध्ये उजवीकडे बसू लागला. त्यासाठी तिने खिडकी सोडली. तो मुलांच्या गमती सांगे. एकाने वीजप्रवाह मोजायला मीटर उलटा धरला आणि वर शेजाऱ्याला दोष दिला, अशा काही. ती हसे. कानाविषयी तो काही विचारत नसे. पण ती बसमध्ये चढली की तिच्या चेहऱ्यावर तो काय शोधतो, हे तिला ठाऊक होते. त्या शोधण्याचीही तिला भीती वाटू लागली होती.

शेवटच्या तपासणीला ती अण्णांबरोबर गेली. गुरुराज तळ्याकाठच्या बाकावर थांबला होता. अण्णांना बसमध्ये बसवून ती एकटीच बागेत आली. पाऊस नव्हता, पाण्यावरून गार वारा येत होता. तिची चाल पाहूनच तो उठून उभा राहिला.

"खालचे स्वर परत आले," स्मृती म्हणाली. "वरचे नाही आले. आता येतील असं वाटत नाही म्हणाल्या. माणसं बोलतात ते भिंतीपलीकडून आल्यासारखं ऐकू येतं. शब्द लागत नाहीत."

"हं."

"तानपुरा तर... नुसती गुणगुण."

ती बसली. तोही तिच्या उजवीकडे बसला, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर पाहू लागला. तिची अट त्याला आठवत होती. कान बरा होईपर्यंत. आणि कान बरा होणार नव्हता.

"विचारत का नाही?" स्मृती म्हणाली.

"अट तुमची आहे."

"म्हणजे जन्मभर विचारणार नाही?"

"तुम्ही नको म्हणालात, तर नाही," गुरुराज म्हणाला. "पण बसमध्ये बसेन. ते अटीत नव्हतं."

तिने पर्स उघडली आणि प्लेअर काढून त्याच्या हातात ठेवला.

"यात काही करता येईल का? दोन्ही बाजू एकाच कानात? तानपुरा आणि अक्का, दोन्ही उजवीकडं?"

गुरुराज त्या यंत्राकडे पाहत राहिला. "येतं. त्याला मोनो म्हणतात. दोन्ही बाजू एक करायच्या. काही गळत नाही."

"तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"त्या काचेबाहेर बसलो होतो, तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"भ्यालो." त्याने मान खाली घातली. "मला वाटलं, मी हे सुचवलं तर त्याचा अर्थ एवढाच होईल, की तुमचा डावा कान मी सोडून दिला. तो परत येण्याची वाट मीही पाहत होतो, स्मृती. रोज."

तिने डाव्या कानाला एकदा हात लावला. मग म्हणाली, "आता सोडूया. दोघं मिळून."

त्याच्या पिशवीत लॅपटॉप होता. प्लेअर बिघडला तेव्हाच तिचे सारे धडे त्याने त्यात उतरवून घेतले होते. फाईली त्याने एकामागून एक जुळवायला घेतल्या. शेवटी प्लेअर जोडल्यावर पडद्यावर प्रश्न उमटला: प्लेअरमधील जुनी गाणी काढून टाकून नवी भरली जातील, पुढे जायचे? गुरुराजचे बोट कळेवर अडखळले. स्मृतीने हात पुढे केला, क्षणभर थांबली, आणि कळ दाबली.

पट्टी सावकाश भरत गेली. ती भरेपर्यंत दोघांपैकी कोणीच श्वास नीट घेतला नाही.

तिने उजवा इअरफोन घातला. तानपुरा आला... आणि त्यातून, पाण्यातून वर येणाऱ्या माणसासारख्या, अक्का आल्या. तिचे डोळे भरून आले. "पण आता अक्कांना गप्प कसं करायचं?"

"पुढची फाईल लावा. तिच्यात नुसता तानपुरा आहे. तीही केली."

तिने ती लावली. बराच वेळ नुसती ऐकत राहिली. मग हलक्या आवाजात तिने षड्ज लावला. तो आधी थरथरला. तिने डोळे मिटून घेतले आणि पुन्हा लावला. या वेळी तो ठरला. समोरच्या बाकावरचे एक आजोबा वर्तमानपत्र खाली करून पाहू लागले. गुरुराजला सूर फारसे कळत नव्हते. पण तिच्या कपाळावरची आठी सैल होताना त्याला दिसली.

इअरफोन काढून ती त्याच्याकडे वळली. "आता विचार."

"भीती वाटते."

"मलाही."

त्याने विचारले. अगदी साध्या शब्दांत, एकाही शब्दाला न सजवता विचारले. तिने सगळे शब्द ऐकले.

"हो," ती म्हणाली. "पण अण्णांना सांगायला तू माझ्याबरोबर यायचंस. एकटीचा धीर होत नाही."

"आणि माझा होईल असं कोण म्हणालं?"

"नसू दे," स्मृती म्हणाली, आणि तिने त्याचा हात हातात घेतला. "दोघं मिळून घाबरूया."